नसलेल्या पायाची खरी कळ

‘पायच न्हाई, तर दुखतंय कुठं?’ मलकापूर-शाहूवाडीच्या पट्ट्यात पाय काढलेल्या माणसाला हा प्रश्न ऐकावाच लागतो. विचारणारं माणूस वाईट नसतं. ते घरचं असतं, भावकीतलं असतं, कधी दवाखान्यातलंही असतं. प्रश्नापाठोपाठ उत्तरही तेच देऊन टाकतं : मनाचा खेळ आहे, लक्ष देऊ नका, सवय होईल. हे उत्तर धादांत चुकीचं आहे. त्यानं कुणाचं नुकसान होत नसतं तर सोडूनही दिलं असतं. पण दुखणं मनाचं ठरलं की औषध लिहिणारा हात थांबतो, घरचे विचारायचे थांबतात आणि शेवटी रुग्ण सांगायचा थांबतो. म्हणून या उत्तराचा मुळापासून प्रतिवाद करायला हवा.

आपल्या भागात हातपाय जाण्याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते, तळव्यात काटा मोडलेला कळत नाही, जखम चिघळते आणि गँगरीन वर चढत जातं. वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्यांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या ऐन तरुणपणी बंद पडतात. डॉक्टर त्याला बर्गरचा आजार म्हणतात. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे-पलीकडे, अपघात होतच असतात. उसाचा चरक, कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र हात ओढून घेतात. मळणी यंत्रांनी इतके हात नेले की १९८३ साली देशाला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. शस्त्रक्रिया कोल्हापुरात होते, सीपीआर या सरकारी इस्पितळात किंवा खासगीत. टाके निघतात, ड्रेसिंग कसं करायचं ते दाखवलं जातं आणि माणूस ४५-५० किलोमीटरवरच्या आपल्या घरी येतो. मध्यरात्री कळ उठते तेव्हा सर्जन जवळ नसतो, भूलतज्ज्ञ नसतो. घरची माणसं असतात आणि त्यांच्याजवळ ते एकच उत्तर असतं.

ही वेदना किती नेमकी असते ते एकदा नीट ऐकावं. करंगळी शेजारच्या बोटावर चढून पिळवटली आहे. अंगठ्याचं नख कुणी उचकटतंय. तळव्याची आग होतेय. पोटरीत गोळा आलाय आणि पाय सरळ करून तो सोडवावा म्हटलं तर सरळ करायला पाय नाही. घोट्यातून चमक निघून मांडीपर्यंत येते. यात तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या न केल्यामुळे उपचाराचा घोळ होतो. काढलेला अवयव जागेवर आहे असं नुसतं जाणवणं ही एक. ते जवळपास प्रत्येकाला जाणवतं आणि त्यात दुखणं असेलच असं नाही. काढलेल्याच भागात दुखणं ही दुसरी, जिला डॉक्टर फँटम वेदना म्हणतात. आणि उरलेल्या भागात, म्हणजे स्टंपमध्ये, दुखणं ही तिसरी. दुसरी आणि तिसरी पुष्कळदा हातात हात घालून येतात. फँटम वेदना बहुतेकांना पहिल्या काही दिवसांतच सुरू होते, म्हणजे रुग्ण अजून वॉर्डातच असतो. तिथंच कुणी विचारलं तर कळेल.

माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा, डावा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढला. अंगठ्याखालच्या जखमेनं त्यांना आधी कितीतरी महिने छळलं होतं. पाय गेल्यावर नेमकी तीच जखम, त्याच जागी, तशीच ठसठसत राहिली. एका दवाखान्यात त्यांनी हे सांगितलं, तर ‘तात्या, मन रमवा, भजनाला जात चला’ असा सल्ला मिळाला. भजनाला ते आयुष्यभर जातच होते. त्यानंतर त्यांनी घरातही सांगणं बंद केलं. काढण्यापूर्वी जिथं फार दुखत होतं तिथलंच दुखणं मागे राहणं वैद्यकाला अनोळखी नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि जोएल कॅट्झ या संशोधकांनी १९९० मध्ये अशा रुग्णांच्या नोंदी अभ्यासून छापल्या : पायावरचे जुने व्रण, नखाची दुखणी, सांध्यातली कळ, अवयव गेल्यावरही तशीच. भजनाचा सल्ला देणाऱ्यानं हे वाचलेलं नव्हतं, आणि किंमत तात्यांनी मोजली.

‘मनाचा खेळ’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असा आहे की हा खेळ सगळ्यांना सारखाच कसा सुचतो? सोळाव्या शतकात आंब्रवाज पारे नावाचा फ्रेंच सैन्यातला सर्जन लिहून गेला, की पाय कापून बराच काळ लोटल्यावरही सैनिक त्या गेलेल्या पायात दुखतं म्हणून तक्रार करतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं फिलाडेल्फियाच्या इस्पितळात असे ढीगभर सैनिक पाहिले. १८६६ मध्ये त्यानं हे सगळं आधी एका कथेच्या रूपात, तेही निनावी, छापलं. शास्त्रीय लेख त्यानंतर आला. १९८४ मध्ये रिचर्ड शेर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो माजी सैनिकांना पत्रं पाठवून विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांतल्या ७८ टक्क्यांनी फँटम वेदना होते असं कळवलं. आंबा घाटाखालचा शेतमजूर पारेचं नाव ऐकून नाही, मिचेलची कथा त्यानं वाचलेली नाही, अमेरिकन सैनिकाला तो कधी भेटलेला नाही. तरी तो तेच सांगतो : बोटं वळली आहेत, नख रुततंय, आग होतेय. पाच शतकं आणि तीन खंड ओलांडून जी तक्रार शब्दाशब्दाला जुळते तिचं मूळ प्रत्येकाच्या वेगवेगळ्या मनात शोधणं हा हट्ट आहे. मूळ माणसाच्या शरीराच्या घडणीतच असलं पाहिजे, आणि ते तिथं सापडलेलं आहे.

ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो आणि त्याला खोडवा फुटतो. कापलेल्या नसेचं तसंच आहे. पायाच्या नसेतल्या संवेदना नेणाऱ्या तंतूंच्या पेशी पायात नसतातच. त्या कण्याजवळ असतात, आणि पाय गेला तरी त्या जिवंत राहतात. कापलेल्या टोकाला नवे कोंब फुटतात. ते त्वचेकडे, स्नायूकडे जायला निघतात, पण जायला जागाच उरलेली नसते. मग ते वळणं घेत एकमेकांत गुंततात आणि गाठ बनते. तिला न्यूरोमा म्हणतात. ही गाठ दाबली, तिच्यावर टिचकी मारली, थंडीचा कडाका पडला की ती पेटते. पॅट्रिक वॉल आणि मायकेल गुटनिक यांनी १९७४ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की कुणी हात लावला नाही तरी अशा गाठीतून आपोआप संदेश सुटत राहतात. तो संदेश मेंदूकडे जातो. त्या तंतूतून काही आलं म्हणजे ते अंगठ्याकडून आलं, हे मेंदूला जन्मापासून ठाऊक आहे. म्हणून दुखतो तो अंगठा.

यावर शंका घेणाऱ्यांनी स्वीडनमधला १९८१ चा प्रयोग पाहावा. न्यूस्ट्रॉम आणि हागबार्ट यांनी फँटम वेदना असलेल्या दोन रुग्णांच्या कापलेल्या नसेत अतिसूक्ष्म सुया घालून तिच्यातले विद्युत्-संदेश प्रत्यक्ष टिपले. न्यूरोमावर टिचकी मारली की संदेश वाढले आणि त्याच क्षणी रुग्णाची वेदनाही वाढली. मग त्यांनी गाठ भूल देऊन बधिर केली. टिचकीनं होणारी वेदना गेली, पण आपोआप होणारी वेदना मात्र राहिली. म्हणजे गाठ हे एक उगमस्थान आहे, एकमेव नाही. दुसरं उगमस्थान आणखी वर, कण्याजवळच्या त्या पेशींच्या पुंजक्यात आहे. २०१४ मध्ये अल्बेनिया आणि इस्राएलमधल्या डॉक्टरांनी मिळून पाय गेलेल्या रुग्णांच्या कमरेत, नस मज्जारज्जूला जिथं मिळते त्या फटीत भुलीचं औषध सोडलं. फँटम वेदना त्या वेळेपुरती विझली, कित्येकांच्या बाबतीत तर पाय असल्याची जाणीवही गेली, आणि औषधाचा अंमल उतरल्यावर दोन्ही परत आल्या. आता सांगा, मनाचा खेळ कमरेच्या मणक्याशी सोडलेल्या लिडोकेननं थांबेल कसा? मन काय मणक्याच्या फटीत राहतं?

शिवाय मज्जारज्जूही गप्प बसत नाही. खालून सतत भडिमार होत राहिला की तिथल्या पेशी हळव्या होतात, थोड्याशा संदेशाला मोठा प्रतिसाद देऊ लागतात. काढण्यापूर्वी महिनोन्महिने सडलेल्या पायानं ज्यांना झोपू दिलं नाही त्यांच्यात ही हळवी अवस्था शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधीच आलेली असते.

‘मनाचा खेळ’ या जुन्या म्हणण्याची एक नवी, शिकलेली आवृत्ती अलीकडे फिरते आहे, आणि तिचा समाचार घेणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण ती विज्ञानाच्या भाषेत येते. ती अशी : मेंदूतला शरीराचा नकाशा बिघडतो, हाताची जागा चेहरा बळकावतो, मेंदूची फसगत होते आणि म्हणून दुखतं, मेंदूला उलट फसवलं की थांबतं. हे हवेतून आलेलं नाही. वाइल्डर पेनफिल्डनं १९३७ मध्ये मेंदूवरचा तो नकाशा मांडला, त्यात हाताशेजारी चेहरा आहे. हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की हात गेलेल्यांच्या मेंदूत ओठांची जागा हाताच्या जागेकडे जितकी सरकलेली तितकी वेदना जास्त. तमिळनाडूत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे विलयनूर रामचंद्रन यांनी आरशाची पेटी वापरून गेलेल्या हाताची वळलेली मूठ उघडून दाखवली आणि ही गोष्ट जगभर पोचली. रामचंद्रन यांचं मोठेपण मी मानतो. त्यांनी या रुग्णांना वेडं ठरवणं थांबवलं.

पण पुढचं संशोधन त्या नकाशाच्या गोष्टीपाशी थांबलं नाही. टामार माकिन यांनी २०१३ मध्ये हात गेलेल्यांना नसलेली बोटं हलवायला सांगून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. ज्यांची वेदना जास्त त्यांच्या मेंदूत हाताची जागा पुसली गेलेली नव्हती. उलट ती अधिक शाबूत होती. २०२५ मध्ये त्यांच्याच गटानं आणखी पक्कं काम छापलं : तीन रुग्णांच्या मेंदूची चित्रं हात काढण्याच्या आधी घेतली आणि मग पुढची काही वर्षं, एकाच्या बाबतीत तर पाच वर्षांपर्यंत, घेत राहिले. हाताचा नकाशा जागच्या जागी होता, चेहऱ्यानं काही बळकावलेलं नव्हतं. वाद संपलेला नाही, पण ‘बिघडलेला नकाशा’ हे सगळ्याचं उत्तर आहे असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. या वादाचा मलकापूरशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध थेट आहे. सगळं मेंदूतच आहे असं एकदा ठरलं की स्टंप कुणी तपासत नाही. हात लावून न्यूरोमा शोधत नाही, कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती खोबण, कुठं रुततोय ते बघत नाही, टाक्याजवळ संसर्ग आहे का, हाडाचं टोक टोचतंय का, हे विचारत नाही. जुन्या म्हणण्यानं जे व्हायचं तेच नव्यानं होतं : हात न लावता रुग्णाला घरी पाठवणं.

‘चिंता केली की वाढतं, म्हणजे मानसिकच ना?’ हा युक्तिवादही नेहमी येतो. चिंतेनं रक्तदाब वाढतो, साखर वाढते. म्हणून मधुमेहाला कुणी मनाचा खेळ म्हणत नाही. ताणात शरीरात जे अॅड्रेनलिन सुटतं त्याला कापलेल्या नसेची गाठ प्रतिसाद देते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. झोप नसणं, कर्ज, आता काम कोण करणार हा घोर, यांनी वेदना वाढते हे खरंच आहे, आणि त्यासाठी समुपदेशन मिळालं तर चांगलंच. पण वाढवणारी गोष्ट आणि निर्माण करणारी गोष्ट एक नव्हे.

गावात आणखी एक उत्तर मिळतं, ते मला सगळ्यांत निर्दय वाटतं. कापलेला पाय नीट पुरला नाही, वाकडा पुरला, विधी राहिला, म्हणून त्रास. अशी समजूत एकट्या आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या खेड्यांतही पुरलेला पाय उकरून सरळ करण्याच्या गोष्टी लोक सांगत आले. उजवा हात गमावलेल्या नेल्सन या इंग्रज नौसेनापतीला नसलेली बोटं जाणवत, तेव्हा हा आत्म्याच्या अस्तित्वाचा पुरावा आहे असं त्यानं मानलं, असं सांगतात. समजुती देशोदेशी वेगळ्या, कळ एकच. यावरून इतकं कळतं की आधी कळ येते आणि मग माणूस तिला कारण शोधतो. श्रद्धेवर बोलण्याचा माझा हेतू नाही. पण आज इस्पितळात कापलेला अवयव जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून जातो. तो पुरण्याचं नातेवाइकांच्या हातात बहुतेक वेळा नसतंच. अशा वेळी ‘तुम्ही पाय नीट पुरला नाही’ असं एखाद्या बायकोला, मुलाला सांगणं म्हणजे दुखणाऱ्याचं दुखणं तसंच ठेवून घरच्यांच्या माथी पाप मारणं आहे.

मग सज्जन माणसांचं उत्तर येतं : एकदा कृत्रिम पाय बसू द्या, सगळं ठीक होईल. महाराष्ट्राला या कामाचा अभिमान आहे आणि असावा. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये उभं राहिलं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या जयपूर फूटमुळे चिखलात, शेतात, अनवाणी चालणं गरिबाला शक्य झालं. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावल्यावर जयपूर फूटवर पुन्हा भरतनाट्यम केलं, ते आपल्या पिढ्यांनी पाहिलं. पण या सगळ्या कौतुकात आपण एकच प्रश्न विचारतो : चालता येतं का? दुखतं का, हा प्रश्न विचारत नाही. शिबिरात माप घेतलं जातं, पाय बसतो, चार पावलं टाकून दाखवली जातात आणि काम पूर्ण झाल्याची नोंद होते. सॉकेटखाली न्यूरोमा असेल तर तोच पाय दोन महिन्यांत माजघराच्या कोपऱ्यात जातो, आणि ‘यांनाच वापरायचा नाही’ असा ठपका वर बसतो. कृत्रिम अवयव नियमित वापरणाऱ्या काहींची फँटम वेदना कमी होते हे खरं आहे. स्नायूंच्या विजेवर चालणारा हात वापरणाऱ्यांत तसं दिसलेलंही आहे. पण वेदना आटोक्यात आल्याशिवाय तो वापरणार कसा?

वेदनेला हिशेबात न धरण्याची ही सवय कायद्याच्या कागदापर्यंत पोचलेली आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. खांद्याच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटरपेक्षा कमी हात उरला तर कमाईची क्षमता ८० टक्के गेली, त्याहून जास्त, पण कोपराच्या थोडं खालपर्यंतच उरला तर ७० टक्के. उरलेला हात मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजणाऱ्या त्या तक्त्यात वेदनेला रकाना नव्हता. सारखाच हात उरलेले दोन गडी, एक रात्री झोपतो आणि एकाला महिनोन्महिने झोप नाही. कागदावर दोघे सारखे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट म्हटलं, की दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आपल्याकडे तो मान दवाखान्यातही नाही आणि कचेरीतही नाही.

‘बरं, खरी असेल वेदना, पण तिला उपायच नाही’, असं म्हणून हात झटकणारेही आहेत. हेही खरं नाही. रामबाण उपाय नाही, हे मान्य. पण कमी करणारे उपाय आहेत आणि त्यांतले काही मलकापुरातच होण्यासारखे आहेत.

आज काय होतं ते आधी पाहू. कळ उठली की कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि त्याच जातीच्या गोळ्यांची पट्टी. ही औषधं सुजेच्या दुखण्यासाठी आहेत. नसेच्या दुखण्यावर ती फारशी चालत नाहीत. मधुमेहानं ज्याची मूत्रपिंडं आधीच थकलेली आहेत त्याला ती महिनोन्महिने देत राहणं धोक्याचं आहे. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी : गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन. ती थोड्या मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवायची असतात. गॅबापेंटिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन पाहूनच मात्रा ठरते. चक्कर येते, झोप येते, आणि कुबडीवर चालणारा माणूस पडू शकतो, हे घरच्यांना सांगायला हवं. या औषधांबद्दलचे पुरावेही एकमुखी नाहीत. अमिट्रिप्टिलिनचा एक चांगला अभ्यास २००४ मध्ये झाला, त्यात ते फँटम वेदनेवर चाललं नाही. गॅबापेंटिनचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. एकाला जी गोळी लागू पडते ती दुसऱ्याला पडत नाही. म्हणून एक गोळी लागू पडली नाही की ‘बघा, मानसिकच होतं’ हा निष्कर्ष काढणाऱ्या डॉक्टरांशी माझं भांडण आहे. एका प्रतिजैविकानं ताप उतरला नाही म्हणून टायफॉइडला कुणी खोटं म्हणत नाही.

आरशाचं सांगतो, कारण तो कुठल्याही बाजारात मिळतो. अंगभर दिसेल असा उभा आरसा दोन्ही पायांच्या मधे लांबीच्या बाजूनं ठेवायचा, धडधाकट पाय आरशासमोर, उरलेला पाय आरशामागे. आरशात पाहत दोन्ही पाय हलवायचे. गेलेल्या पायानंही तीच हालचाल करायचा प्रयत्न करायचा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी इस्पितळातला अभ्यास छापून आला. अठरा जणांनी तो पूर्ण केला, तीन गट, रोज १५ मिनिटं, चार आठवडे. आरसा पाहणाऱ्या सहाच्या सहा जणांची वेदना कमी झाली. झाकलेल्या आरशासमोर तीच हालचाल करणाऱ्यांत एकाची कमी झाली, तिघांची वाढली. आणि डोळे मिटून पाय हलतोय अशी नुसती कल्पना करणाऱ्यांत दोघांची कमी झाली, चौघांची वाढली. संख्या लहान आहे, त्यावर इमारत उभी करू नये. तरी तिसऱ्या गटाकडे ‘मनाचा खेळ’वाल्यांनी जरूर पाहावं. वेदना निव्वळ कल्पनेची असती तर कल्पनेनंच आधी बरी व्हायला हवी होती.

आमच्या तालुक्याला अमेरिकन इस्पितळापेक्षा कंबोडिया जवळचं आहे. बट्टंबांग भागात भूसुरुंगांनी पाय नेलेल्या ४५ खेडूतांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आरसा दिला, काहींना स्टंपला निरनिराळ्या वस्तूंनी स्पर्श करायला शिकवलं, काहींना दोन्ही; रोज सकाळी पाच आणि रात्री पाच मिनिटं, चार आठवडे. तिन्ही गटांत वेदना निम्म्याहून खाली आली. काहीच उपचार न केलेला गट त्यात नव्हता, हा त्याचा कमकुवतपणा नोंदवतो. पण एवढं उघड आहे, की वीज, यंत्र, तज्ज्ञ यांच्यावाचून खेड्यात हे करता येतं. फिजिओथेरपिस्टनं दोन-चारदा दाखवलं तर आशाताई आणि घरची माणसं पुढे चालवू शकतात. दोन्ही पाय गेलेल्यांना आरसा कामाचा नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या पायांची हालचाल पाहत स्वतःच्या गेलेल्या पायांनी ती करण्याचा प्रयोग झाला आहे आणि त्यानं काहींना आराम पडला आहे. सुरुवातीला कुणाला आरशात पाहून घेरी येते, रडू येतं. तेव्हा थांबावं, जबरदस्ती करू नये. १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी ज्या कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या अपंगांसाठीच्या संस्थेची उभारणी केली, त्या जिल्ह्याला हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये.

‘मग आणखी वरून कापा’ हा सल्लाही कधी कधी ऐकू येतो. स्टंपमध्ये संसर्ग असेल, हाड टोचत असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पण फँटम वेदनेसाठी आणखी वर कापल्यानं नस पुन्हा कापली जाते, पुन्हा कोंब फुटतात, आणि गुडघा गेला तर चालणं कितीतरी अवघड होतं. याउलट नसेच्या टोकाला काम देणाऱ्या नव्या शस्त्रक्रिया आल्या आहेत. शिकागोच्या ग्रेगरी डुमेनियन यांनी कापलेल्या नसेचं टोक जवळच्या स्नायूकडे जाणाऱ्या छोट्या नसेला जोडण्याची पद्धत वापरली. २०१९ मध्ये त्यांनी २८ रुग्णांवरची तुलना छापली, त्यात न्यूरोमा काढून टोक स्नायूत पुरण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा फँटम वेदना अधिक उतरली. मिशिगनच्या डॉक्टरांनी नसेच्या टोकाभोवती स्नायूचा छोटा तुकडा गुंडाळण्याची त्याहून सोपी रीत काढली. ही कामं आज मलकापुरात होणार नाहीत. पण ती पाय काढतानाच, त्याच भुलीखाली करता येतात, आणि पाय जिथं काढले जातात त्या मोठ्या इस्पितळांतल्या प्लास्टिक सर्जननी ती शिकावीत अशी मागणी करायला काय हरकत आहे?

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो डॉक्टरांचा आहे : आधी सांगितलं तर रुग्ण घाबरतो, नसलेलं दुखणं त्याला दिसायला लागतं, म्हणून सांगू नये. पारेच्या सैनिकांना आधी कुणी सांगितलं होतं? न सांगितल्यानं वेदना टळत नाही. न सांगितल्यानं माणसाला आपण वेडे झालो असं वाटतं आणि तो तोंड मिटतो. शिवाय आधी सांगण्यात आणखी एक फायदा आहे, आधी उपचार सुरू करता येतात. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या ४८ तास आधीपासून ४८ तास नंतरपर्यंत, पाठीतल्या नळीतून किंवा शिरेतून, वेदना सतत आटोक्यात ठेवली. सहा महिन्यांनी त्या रुग्णांत फँटम वेदना कमी आढळली. सगळे अभ्यास इतके अनुकूल नाहीत, पण सडलेल्या पायानं तळमळणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेआधी दोन दिवस नीट झोपू देण्याला विरोध करण्याचं कारण मला सापडत नाही. म्हणून शाहूवाडीतून कोल्हापूरला पाय काढायला जाणाऱ्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे, संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : आधीचं दुखणं आजपासून कसं थांबवणार, नसेचं टोक कसं ठेवणार, आणि घरी गेल्यावर गेलेल्या पायात कळ आली तर कुणाकडे, कोणत्या वारी यायचं. तिसऱ्याचं उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.